मी उंदरांचं वजन केलं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. धान्याचा नव्हे, प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांचा. माझ्या पारड्यात एक डबा असे. पिंजऱ्यांची देखभाल करणारे काका रोज सकाळी त्यात एकेक उंदीर अलगद सोडत आणि म्हणत, "बस रे बाबा, क्षणभराचं काम."

संशोधक बाईंना एकच ध्यास होता. जंतुसंसर्ग विकोपाला गेला की अशक्त जीव तग धरत नाही. मग खाण्यात पोषक पूड मिसळली तर? त्यांनी उंदरांना तीन आठवडे पूड चारली आणि मग रोग दिला. पूड खाल्लेल्यांचं वजन फारसं उतरलं नाही. निम्म्याहून जास्त वाचले. पूड न मिळालेले बहुतेक गेले. बाईंनी माझ्यावरून हात फिरवला. "तुझ्यामुळे कळलं रे!" मी नुसता फुलून गेलो.

पण पूड शेवटी द्यायची होती दवाखान्यातल्या मुलांना, आणि मुलं तिथे येतात ती आजारी पडल्यावरच. म्हणून दुसऱ्या प्रयोगात बाईंनी आधी रोग दिला आणि मग दुप्पट पूड. एकेकाचं वजन पहिल्या सकाळी एकवीस ग्रॅम, दुसऱ्या सकाळी अठरा. तिसऱ्या सकाळी काकांनी डबा रिकामाच पुसून ठेवला. पूड न मिळालेल्यांच्याही आधी हे चाळीसही गेले.

प्रमुख साहेब म्हणाले, "हा गट अहवालात नको. पुढच्या महिन्यात दवाखाना मुलांना पूड सुरू करतोय. आता खोडा घालू नका."

बाईंनी नोंदवही मिटली. काका साहेबांपुढे कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी ते पुढे आले.

"साहेब, चाळीस जीव या हातांनी उचललेत मी. ते मेलेच नाहीत, असं कसं लिहायचं?"

बाईंनी सगळे आकडे लिहिले. दवाखान्याने पूड सुरू केलीच नाही. साहेबांनी बाईंकडून काम काढून घेतलं, काकांना घरी बसवलं. मी अडगळीत आलो. माझी सुई गंजली. ज्या मुलांना पूड दिली गेली नाही, त्यांच्या आईबापांना यातलं काही ठाऊक नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या भल्यासाठी एखादा मुका जीव गेला, तर त्याचा आकडा तेवढा खोडू नका. त्याच्यामागे तेवढंच उरतं.