चरांगाची अर्धी जळालेली बासरी

मी एक अर्धी जळालेली बासरी बोलतेय. घाबरू नका, मी स्वतःच अजून सावरलेली नाही.

माझं लाकूड काळं, गाव हवाना, देश क्युबा. एवेलियो मास्तरांचा तिथे चरांगा होता, म्हणजे नाचाच्या गाण्यांचा ताफा: व्हायोलिनं, ढोल आणि सगळ्यांच्या पुढे मी. देशोदेशी वाजवत निघालो, मागे क्युबात क्रांती झाली आणि मायदेशी परतायची वाट बंद झाली. एकेक वादक गळत गेला. मुंबईच्या हॉटेलात पोचलो तेव्हा ताफ्यात दोघंच उरलो होतो, मास्तर आणि मी.

तेव्हा तारापूरला अणुवीजकेंद्र उभं राहत होतं. तिथल्या परदेशी इंजिनियरांच्या क्लबात मास्तरांना काम मिळालं. राहायला जवळच्या चिंचणी गावात रंभाबाईची खोली. बाई बोंबील वाळवायची, मास्तरांना जेवायला हाक मारायची आणि माझ्या आवाजाला नाक मुरडायची. तिचा मुलगा दादू मात्र मांडीवर ताल धरायचा.

एका सकाळी मास्तर हौसेनं शेजारच्या गोमा कोळ्याच्या होडीतून समुद्रावर गेले. खारं वारं मला बाधेल म्हणून घरीच ठेवलं. दुपारी वादळ उठलं. होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली.

वाट पाहून सगळ्यांनी आशा सोडली. देह मिळाला नाही की गवताचा पुतळा करून जाळायचा आणि त्यावर माणसाची लाडकी वस्तू ठेवायची, अशी तिथल्या कोळ्यांच्या घरांची रीत. गोमाच्या पुतळ्यावर त्याचं जाळं ठेवलं. मास्तरांच्या पुतळ्यावर मला! अग्नी द्यायला त्यांचं कोणी नाही, म्हणून दादूनं मुंडण केलं होतं. मला ओरडायचं होतं, पण फुंकरीशिवाय मला आवाज कुठला? जाळ लागला आणि मी फाटकन तडकले.

तेवढ्यात बोयसरच्या एसटीतून उतरलेले गोमा आणि मास्तर वाळूतून चालत आले. एका गलबतानं त्यांना उचलून दूरच्या बंदरात सोडलं होतं. त्यांनी केलेली तार त्यांच्यानंतर पोचली.

दादूनं जाळात हात घालून मला ओढून काढलं. मास्तरांनी मला ओठांना लावलं. नुसती हवा गेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ये क्यों किया?"

"तुमाला हितं कोन हाय?" रंभाबाई म्हणाली. "आमी नाय करायचं, त कोन करनार?"

मास्तरांची नजर दादूच्या तुळतुळीत डोक्यावर गेली. त्यावर हात ठेवून ते ढसाढसा रडले.

पुढे नवी बासरी घेऊन ते दुसऱ्या देशी कामाला गेले. जाताना मला रंभाबाईच्या हाती देऊन म्हणाले, "मेरे मरने की खबर आएगी, तब इसे पूरा जला देना।"

तेव्हापासून मी तिच्या चुलीवरच्या फळीवर आहे. दारात पोस्टमनची सायकल थांबली की माझं उरलेलं लाकूड थरथरतं. जळायची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती त्या खबरेची. ती कधी येऊ नये, एवढंच माझ्यासाठी मागा.