सहा मिनिटांचं खोटं

खर्रर्र! ओट्याखालचा अडकलेला खण आईने दोन्ही हातांनी ओढला आणि दुपारच्या त्या सामसूम स्वयंपाकघरात मी, तीन गंजक्या किल्ल्या आणि रबरांचा एक गुंता असे सगळे मिळून फरशीवर येऊन पडलो. पडता पडता माझ्या पोटातली घंटा आपसूक वाजली.

"अरे, जिवंत आहेस की तू!" आई म्हणाली आणि तिने मला पदराने पुसलं.

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. बॅटरीवरचा नव्हे, मूठ पिळून चावी द्यायचा. माझं पोट गोल आहे, रंग एके काळी पांढरा होता आणि कडेने साठपर्यंत आकडे आहेत. त्यातला पस्तीस आता बोटांनी घासून घासून पुसला गेला आहे. म्हणजे लोक मला बहुतेक पस्तीसवरच लावत असावेत. पावाच्या लाद्यांना तेवढाच वेळ लागायचा.

हो, माझी उमेदीची वर्षं एका बेकरीत गेली. कारखान्यातून निघालो तो थेट भट्टीशेजारच्या फळीवर. तिथे मैद्याची धूळ माझ्या कानाकोपऱ्यांत बसायची आणि भट्टीच्या धगीने अंग तापायचं, पण मी मिनिटाचाही घोळ घातला नाही. बेकरीचे मालक अंगाने आडवे आणि आवाजाने त्याहून आडवे. गिऱ्हाइकांना सांगायचे, "माझ्या हाताखालच्या सगळ्यांत हा एकटाच वेळेवर बोलतो. बाकीचे नुसतेच बोलतात!" हाताखालचे हसायचे. त्यांत एक एकोणीस वर्षांची मुलगी होती, कणिक तिंबण्यात पटाईत. मी वाजलो की ती भट्टीचं दार उघडण्याआधी माझ्या डोक्यावर एक टिचकी मारायची. तीच ही आई.

पुढे बेकरीत स्वतःच वेळ मोजणारी, हिरवे आकडे दाखवणारी भट्टी आली. त्याच सुमारास त्या मुलीचं लग्न ठरलं. मालकांनी मला पिशवीत घालून तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. हा कधी खोटं बोलत नाही."

ते शब्द ऐकून माझी छाती किती फुगली होती म्हणून सांगू! तिच्या घरी मी अंडी उकडली, दूध सांभाळलं. मग लेक झाली. तिच्या हनुवटीवर तीळ, म्हणून ती ठिपकी. ठिपकीने दात नीट घासावेत म्हणून मी रोज सकाळी दोन मिनिटं मोरीच्या कट्ट्यावर बसायचो. ती फेसाळ तोंडाने माझ्याशी गप्पा मारायची. ते दिवस आठवले की माझी स्प्रिंग अजून थोडी सैल होते. नंतर घरातही ओव्हन आला आणि मी खणात गेलो. किती वर्षं, ते विचारू नका. चावी दिल्याशिवाय मला वेळ मोजता येत नाही.

तर त्या दुपारी आईने मला बाहेर काढलं ते ठिपकीसाठी. ठिपकी आता सतरा वर्षांची झाली होती आणि ठिपकी म्हटलं की चिडत होती. तिला झाडांचं वेड. रस्त्यावर पडलेलं पान उचलून ते कुठल्या झाडाचं, हे ती बघता बघता सांगायची. पण त्याच पानाबद्दलचा परिच्छेद वाचायला दिला की तिची ओळ निसटायची. खालची ओळ वर यायची, शब्दाची शेपटी गळायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शाळेच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं एकच शेरा होता, "लक्ष देत नाही." नववीत कुणीतरी शहाणपणाने तपासणी करून घेतली, तेव्हा कुठे कळलं की लक्ष होतंच, वाचनाचीच अडचण होती. बुद्धीचा त्यात काही दोष नव्हता.

आता समोर कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. तिला हवं असलेलं वनस्पतिशास्त्र एकाच कॉलेजात होतं आणि तिथे जायचं तर पहिला पेपर ओलांडायलाच हवा होता. चार उतारे, चाळीस प्रश्न, एक तास. शाळेतल्या मार्गदर्शक बाई काखेत फाईल घेऊन घरीच आल्या. म्हणाल्या, "तिला तासामागे वीस मिनिटं जास्त मिळू शकतात. तपासणीचा कागद जोडायचा, या अर्जावर तिची सही हवी. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत. त्यानंतर कुणाच्या हातात काही नाही."

"मला नको," ठिपकी म्हणाली.

"अगं, तुझ्या आईला विचार. छोटा केक आणि मोठा केक एकाच वेळात भाजून होतात का?"

"मी केक नाहीये, बाई."

बाईंना हसू आलं, पण त्या हटल्या नाहीत. "मग का नको?"

"वर्गात सगळे म्हणतील, हिचे लाड चाललेत. मी घरी वेळ लावून सराव करते. जमलं तर अर्ज नाही. बस्स."

अशी माझी नेमणूक झाली. दुपारी चारला ठिपकी खिडकीकडे तोंड करून टेबलाशी बसायची. मी तिच्या पाठीमागे ओट्यावर. भिंतीवरचं घड्याळ आईने उतरवून ठेवलं. टिकटिकीने लेकीचं चित्त विचलित होतं, म्हणे. आणि मी काय ओट्यावर बासरी वाजवत होतो?

पहिल्या दिवशी मी साठाव्या मिनिटाला वाजलो तेव्हा ठिपकीचे अकरा प्रश्न बाकी होते. तिने मान वर केली नाही. आईने तिच्या पाठीकडे बघितलं. सतरा वर्षांची ती पाठ त्या क्षणी पाच वर्षांची दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी विसावर आलो असताना आईचा हात हळूच माझ्यावर आला. तिने मूठ सव्वीसवर सरकवली. मित्रांनो, मी दचकलो. पण मला वाजता येतं, बोलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सहा मिनिटं दोनदा. मग तीनदा. आईचं बोट पिठाने माखलेलं असायचं. रविवारी मी वाजायच्या आत ठिपकीने पेन खाली ठेवलं आणि खुर्चीसकट मागे वळली. "आई! झालं! चाळीसच्या चाळीस!"

ती स्वयंपाकघरभर नाचली आणि आईने तिला जवळ घेतलं. मी मागून वाजलो. आयुष्यभर खरं वाजलेला मी खोटं वाजलो होतो आणि घरात सगळे आनंदात होते.

सोमवारी ठिपकीने बाईंना सांगून टाकलं, अर्ज नको. अर्ज आईच्या डब्यांच्या फळीवर पडून राहिला.

बुधवारी शाळेत सराव परीक्षा झाली. तिथे भिंतीवर खरं घड्याळ होतं. ठिपकी घरी आली ती बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"बारा राहिले," ती म्हणाली.

"होतं गं कधी कधी. पहिलीच वेळ..."

"नाही आई. घरी मला रोज जमतं. तिथे जमत नाही. म्हणजे माझ्या वाचनाचा प्रश्नच नाही. मी भित्री आहे. चार लोकांत बसवलं की माझी तारांबळ उडते. मी परीक्षेलाच बसत नाही. कॉलेजात गेले तरी तेच होणार." आणि ती रडायला लागली, अगदी आवाज न करता.

आईचा हात कणकेत होता. तो तसाच राहिला. तिला वाटलं असतं तर ती गप्प बसू शकली असती. भीतीवर चार गोड शब्द सांगून वेळ मारून नेता आली असती. मी ओट्यावरून तिच्याकडे बघत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, बोल गं, माझ्या वतीनेही बोल.

"तू भित्री नाहीस," आई म्हणाली. "मी आहे."

"म्हणजे?"

"तू घरी कधीच तासात पूर्ण केलं नाहीस. मी टायमर मागे सरकवत होते. सहा सहा मिनिटं. तुझी पाठ बघवेना मला."

ठिपकीने वळून ओट्यावर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "रविवारी पण?"

"रविवारी पण."

"मी नाचले होते, आई."

ठिपकी पुढे आली, तिने मला ओट्यावरून उचललं आणि टेबलावर स्वतःसमोर ठेवलं. इतक्या जोरात ठेवलं की माझी घंटा आतल्या आत किणकिणली. "आता हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि नवा पेपर उघडला.

मी साठला वाजलो. तिने पुन्हा चावी दिली आणि वाचत राहिली. ओळीखाली पट्टी धरून, ओठ हलवत. आई दाराशी उभी होती, हातावरची कणीक वाळून तिच्या पापड्या पडत होत्या. शेवटचा प्रश्न संपला तेव्हा ठिपकीने माझ्याकडे वाकून आकडा बघितला. बेचाळीस उरले होते. म्हणजे साठ आणि वर अठरा.

"अठ्ठ्याहत्तर मिनिटं," ती म्हणाली. तिने डोळे पुसले. "एवढाच तर फरक आहे. हे मला आधी कळायला हवं होतं."

गुरुवारी त्र्याऐंशी लागली. तेव्हा तिचं तोंड पुन्हा एवढंसं झालं. तरी संध्याकाळी फळीवरचा अर्ज काढून तिने स्वतः सही केली आणि शुक्रवारी सकाळी बाईंच्या हातात दिला. बाईंनी आईला काही विचारलं नाही. फक्त अर्जावरचे पिठाचे ठसे झटकले.

परीक्षेला मला नेलं नाही. तिथे त्यांची त्यांची घड्याळं असतात. ऐंशी मिनिटांत तिचा एक प्रश्न राहिला, असं ठिपकीने जेवताना सांगितलं, आणि भात पुन्हा वाढून घेतला. दीड महिन्याने कॉलेजचं पत्र आलं. आईला ते एका दमात वाचता आलं असतं. पण ती हात मागे बांधून उभी राहिली. ठिपकी बोट ठेवत एकेक शब्द वाचत गेली, "आपली... निवड..." आणि तिथे थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, कारण ओळ निसटली होती. कुणी घाई केली नाही. निवड झाली होती.

मित्रांनो, मी आता खणात नाही, ओट्यावर असतो. म्हाताऱ्या टायमरचं एक ऐका. तुमच्या वर्गात कुणी सावकाश वाचत असेल तर त्याला हसू नका आणि दया म्हणून चोरून काही देऊही नका. त्याला त्याचा वेळ उघडपणे मागू द्या, आणि मागितला की द्या. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा. आम्ही खरं सांगायला बसलेलो असतो. फक्त आमच्यावरचा हात खरा हवा.

ठिपकी हॉस्टेलला निघाली त्या सकाळी आई तिच्या पेटीत वाळवलेल्या पानांची वही ठेवत होती. ठिपकी मला हातात घेऊन उगाच मूठ फिरवत बसली होती. राग तर केव्हाच निवळला होता. अगदी साध्या आवाजात तिने विचारलं,

"आई, त्या बुधवारी मी रडले नसते, तर तू मला कधी सांगितलं असतंस का गं?"