ऐंशीच्या पुढे गाडी गुणगुणते

गाडी घेतली तेव्हा मुलगी पोटात होती. नवऱ्याला दोन दारांची, जमिनीला टेकलेली, वाऱ्यासारखी पळणारी गाडी हवी होती आणि बायकोला डिकीत बाबागाडी मावायला हवी होती. शेवटी तडजोड म्हणून ही आली. दारं चार, डिकी ऐसपैस, पण इंजिन तगडं, सीटांना लाल दोऱ्याची शिवण आणि डिकीवर एक छोटा पंख. सासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "शाळामास्तरानं गॉगल लावल्यासारखी दिसतेय."

सासरे शिंपी होते. तोंडात टाचण्या धरून जन्मभर मापं घेतली. टाचण्या असताना गाता येत नाही, म्हणून नाकातल्या नाकात गुणगुणायची सवय लागली. पुढे दुकान बंद झालं, टाचण्या सुटल्या, सवय सुटली नाही. गाडीत ते नेहमी मागे डावीकडे बसत आणि गाडीने वेग घेतला की त्यांचं सुरू होई. गाणं असं नव्हतंच ते. खालच्या पट्टीतला एकच लांब सूर, मध्येच थोडा चढायचा, पुन्हा खाली यायचा. गाडी सात वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या सीटची शिवण उसवली. शोरूममध्ये नेऊ म्हटलं तर त्यांना अपमान वाटला. वाकडी सुई घेऊन दोन दुपारी ते गाडीतच बसले आणि मूळ शिवणीपेक्षा सरळ टाके घालून बाहेर आले.

गाडीला चौदावं वर्ष लागलं आणि सासरे गेले, तेही गाडीतच. दर तीन महिन्यांनी नवरा त्यांना शेजारच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या तपासणीला न्यायचा. त्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावून त्याने मागचं दार उघडलं, तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, त्रास झाला नाही. नवऱ्याने घरी येऊन तेवढंच सांगितलं.

आठ महिने गेले. एका रविवारी तिघं महामार्गावरून चालली होती. मुलीने कानातले इअरफोन काढले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली.

"आई, आजोबा."

"काय आजोबा?"

"ऐक ना."

बायको कान तपासणारी होती, रोज वीसेक माणसांना बंद खोलीत बसवून बारीकसारीक आवाज ऐकवायची. तिला लगेच ऐकू आलं. खालच्या पट्टीतला एकच लांब सूर, मागून, डावीकडून. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. वेग त्याने कमी केला नाही.

"रस्त्याचा आवाज असेल," ती म्हणाली. आपलंच बोलणं तिला पटलं नाही.

त्यानंतर मुलगी मागे बसेना. कारण विचारलं तर "मळमळतं" म्हणायची. नवऱ्याचं उलटंच झालं. तो लिफ्ट तपासायच्या खात्यात होता. बाहेरगावच्या तपासणीला आधी खात्याच्या गाडीने जायचा, आता स्वतःची गाडी न्यायला लागला. सुट्टीच्या दिवशी सकाळी "जरा चक्कर मारून येतो" म्हणून जाई तो दोन-दोन तासांनी परत येई. डोळे लाल असत, पण चेहरा शांत. एकदा तिने विचारलं, "मी येऊ?" तो म्हणाला, "नको, तुला कंटाळा येईल." सोळा वर्षांच्या संसारात हे कारण त्याने पहिल्यांदाच दिलं होतं.

मग एका शनिवारी एका कारखान्यात कामगारांचे कान तपासायला तिला जायचं होतं. गाडी तिने नेली. परत येताना वेग साठला गेला, सत्तरला गेला, काही नाही. ऐंशीला सूर लागला. उजव्या वळणावर तो चढला, डाव्या वळणावर उतरला. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बाबा, पाणी हवंय का?"

ती तशीच गॅरेजवर गेली.

गॅरेजवाल्याने गाडीचं मागचं अंग जॅकवर उचललं, डावं चाक हाताने जोरात फिरवलं आणि म्हणाला, "ताई, इथं स्प्रिंगवर हात ठेवा." तळहाताखाली लोखंड थरथरत होतं, मांजर गुरगुरावं तसं.

"बेअरिंग गेलंय. साहेबांना तीनदा सांगितलं मी. 'बघू' म्हणतात. ताई, राग मानू नका, पण हे चाक धावताना जाम झालं तर गाडी कुठं जाईल सांगता येणार नाही. पोरीला तरी बसवू नका यात."

भूत नव्हतं याने सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं झालं नाही.

घरी पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. नवरा खाली पार्किंगमध्येच येरझाऱ्या घालत होता. गाडी आज तिच्याकडे गेली हे त्याला सहन झालेलं नव्हतं. तिने शेजारचं दार उघडलं. "बस."

तो बसला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"लिफ्टमध्ये असा आवाज आला तर काय करतोस?"

"बंद करतो. सील लावतो."

"आणि आपली मुलगी बसते इथे!"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "त्या दिवशी मीच त्यांना गप्प बसवलं."

तिला कळेना. तो डॅशबोर्डकडे बघत सांगत गेला. आदल्या दिवशी त्याने पास केलेली एक लिफ्ट मध्येच अडकली होती, आत माणसं होती. सुखरूप निघाली, पण त्याची चौकशी लागणार होती. डोकं भणभणत होतं आणि मागून ते गुणगुणणं. शेवटी तो ओरडला, बाबा, जरा गप्प बसा ना! "आणि ते लगेच थांबले. मला वाटलं, रागावले, मग झोपले. चाळीस मिनिटं, अगं. चाळीस मिनिटं मला बरं वाटत होतं. एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही."

तिने त्याचा हात धरला. कोणाच्या बोलण्याने हृदय बंद पडत नाही वगैरे ती म्हणू शकली असती. तिला आठवलं ते वेगळंच.

"बाबांचे कान मीच तपासले होते. चालत्या गाडीत पुढून बोललेलं त्यांना ऐकू येत नसे. आठवतं ना, आपण काहीही विचारलं तरी 'हो हो' म्हणायचे? तुझं ते बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "मग का थांबले?"

उत्तर दोघांनाही कळलं. ऐकून थांबले नसतील, तर नेमके त्याच क्षणी गेले होते. यातलं कुठलं सोसायला सोपं, हे तिला ठरवता आलं नाही. वरच्या गॅलरीतून मुलीने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे दोघं उतरली.

सोमवारी दोघांनी मिळून गाडी गॅरेजवर नेली, चाळीसच्या वर वेग जाऊ न देता. गॅरेजवाल्याने जुनं बेअरिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. नवऱ्याने ते उचललं, बोटाने फिरवून पाहिलं. आतल्या गोळ्या खरखरल्या. "भंगारात टाका," तो म्हणाला आणि हात पुसायला कापूस मागितला.

तिथून त्याने गाडी सरळ महामार्गावर घेतली. ऐंशी झाले, नव्वद झाले. इंजिन अजून पहिल्या वर्षासारखं ओढत होतं, टायर रस्त्यावर सरसरत होते आणि मागे काहीच नव्हतं. ते नसणं इतकं ठळक होतं की तिने मागे वळून पाहिलं. लाल टाक्यांची सीट, तिच्यावर तिरकं ऊन.

हॉस्पिटलच्या आवारात त्याने गाडी त्याच जागेवर लावली. त्या दिवसानंतर तो इथे आला नव्हता. उतरला, मागचं डावं दार उघडलं, थोडा वेळ उभा राहिला आणि हळूच लावलं. रखवालदार आला. "पेशंट आहे का? नसेल तर जागा सोडा."

"सोडतो," नवरा म्हणाला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर तो शेजारच्या सीटवर झोपला. कित्येक महिन्यांत असा झोपला नव्हता. मान कलली, तोंड किंचित उघडं पडलं. गाडी बिनआवाज धावत होती. ती एकदा रस्त्याकडे बघायची, एकदा त्याच्या छातीकडे. शर्ट हलतोय का? हलला. पुन्हा बघितलं. या खेपेला कळेना. तिने डावा हात काढून त्याच्या मनगटावर ठेवला आणि नाडी शोधू लागली.

"जागा आहे गं," तो डोळे न उघडता म्हणाला.

तिने हात काढला नाही. घर येईपर्यंत एका हातानेच गाडी चालवली, आणि गिअर बदलायची वेळ आली की तो बदलायचा.