जिन्यावरून उतरलेला फेस

गच्चीवरच्या टाक्यांत वाढवलेल्या पाणवनस्पती म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. पण शेजारच्या गॅरेजमुळे पाण्यावर कायम तेलाचा तवंग धरायचा आणि त्याखाली सगळं मरगळून जायचं.

सून प्रयोगशाळेत जिवाणूंकडून एक साबणासारखा द्रव बनवून घ्यायची. तो तेल फोडून पाण्यात पसरवतो. तिनं एका टाकीत त्याचे जेमतेम काही थेंब टाकले. आठवडाभरात तवंग नाहीसा झाला आणि तरंगणारं नेचं असं फोफावलं, की पाणी दिसेना. सासूबाईंचा आनंद गगनात मावेना. दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली, त्या द्रवाचा डबा गच्चीवरच राहिला, आणि सासूबाईंनी सरळ हिशेब मांडला: थेंबात एवढं, तर डब्यात केवढं! अख्खा डबा टाकीत ओतला.

टाकीतला हवेचा पंप सुरूच होता.

दुपारी सुनेला फोन आला. "अगं, घाबरू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पण आपल्या जिन्यात ढग शिरलाय."

सून धावतपळत आली. फेस गच्चीचं दार ओलांडून पायरी पायरी खाली उतरत होता. मधल्या पायरीवर सासरे छातीपर्यंत फेसात बसले होते, हातात केरसुणी.

"झाडून काढायला गेलो, तर वाढतोय," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून हिनं माझ्या तोंडाला फेस आणलाय. आज जिन्याचीही हौस फिटली."

सुनेला हसू आवरेना. तशीच वाट काढत ती वर गेली आणि आधी पंप बंद केला. सासूबाई टाकीपाशी रडकुंडीला आल्या होत्या. "सगळं बुडालं गं. माझंच मेलं डोकं फिरलं."

नेचं खरंच तळाशी गेलं होतं. सुनेनं एक पान उचललं, बोटानं चोळलं आणि बघतच राहिली.

"आई, या पानावर बारीक लव असते. ती पाणी अंगाला लागू देत नाही, म्हणून पान तरंगतं. थोड्या थेंबांनी लवेला काही झालं नाही. एवढ्यानं मात्र ती भिजून चिंब झाली."

"म्हणजे मेलं?"

"माहीत नाही. प्रयोगशाळेत एवढा डोस द्यायचं माझं धाडसच होत नव्हतं. बरं झालं, तुम्ही दिलात."

सासूबाईंनी डोळे पुसले. "मग माझं नाव लागणार का कुठे?"

घरातली प्रत्येक बादली, पातेलं, टब स्वच्छ पाण्यानं भरला. तिघांनी रोपं धुऊन त्यात सोडली. सासरे दोनदा घसरले आणि दुसऱ्यांदा उठायचा प्रयत्नही न करता खोखो हसत बसले. त्यांना बघून सासूबाईही हसत हसत खाली बसल्या.

पुष्कळ पानं पिवळी पडून कुजली. काही देठ मात्र हिरवे राहिले.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत बैठक चालू असताना सुनेचा फोन वाजला. सरांनी मान हलवून परवानगी दिली.

"नवं पान आलंय," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "बोटानं खाली दाबलं, तर टुणकन वर आलं. कोरडं ठाक."

सुनेनं फोन ठेवला. सरांनी विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"तरंगलं, सर," ती म्हणाली, आणि भर बैठकीत तिला जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना.