तळचे दहा

उत्तराबाईंनी प्रिंटरमधून निघालेल्या कागदाच्या दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, कागद टेबलावर पसरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुमचं वेलखाडी. तिसरा नंबर."

सरपंच दामाजी चष्मा सावरत वाकला. "खालून?"

"वरून. माणशी उत्पन्नात डोंबिवलीच्याही वर."

दामाजी हसला. त्याला खरंच बरं वाटलं, आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही. त्याच्याबरोबर आलेली पंचायतीची सदस्य भागीरथी मात्र भडकली.

"डोंबिवलीच्या वर? अगं बाय, आमच्या गावान बाया होडीनं पानी आनतात! यो कसला नंबर?"

बोलणं चुकीचं नव्हतं. १९९४च्या त्या फेब्रुवारीत ठाण्याच्या या कचेरीत एकशे चाळीस गावं-शहरांचा जमाखर्च पहिल्यांदाच संगणकात गेला होता. कोणतंही गाव कोणत्याही गावाशेजारी ठेवा. माणशी किती येतात, माणशी किती जातात, पडद्यावरची हिरवी अक्षरं लगेच सांगत. ती सगळी मांडणी उत्तराबाईंनी आठ महिने खपून एकटीने केली होती. नळपाण्याची योजना तळच्या दहा गावांना मिळणार होती आणि यादी आजच तीन वाजता मुंबईला जायची होती.

उत्तराबाईंचा नियम एकच, कागदाशिवाय आकडा बदलायचा नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. त्यामुळे कचेरीत त्यांच्याशी कामापुरतंच बोललं जाई, आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नसे.

त्यांनी वेलखाडीचा फॉर्म काढला. सातव्या रकान्यात 'इतर उत्पन्न' समोर ठसठशीत अक्षरात एक लाख चाळीस हजार लिहिले होते.

"हे कुठून आले?"

"गावकीचं," दामाजी म्हणाला. "खाडीन जाली लावायच्या जागा हायत ना, त्यांचा दरवर्षी गावकीन लिलाव व्हतो. कुनाची होडी फुटली, कुना गरिबाच्या पोरीचं लगीन हाय, त्यातनंच भागवतो. ग्रामसेवक रजेवर व्हता, म्हनून फारम मीच भरला. गावाला काय मिलतं इचारलं, ते लिवलं. खोटं कशाला लिवू?"

"अहो, पण हा पंचायतीचा पैसाच नाही!"

"मंग कुनाचा? गावाचाच ना?"

उत्तराबाईंनी कपाळाला हात लावला. "बरं, तसं पत्र द्या. मी लगेच..." आणि त्या मध्येच थांबल्या. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "नको. पत्र जोडलं की ते वर जाणार. वर कोणीतरी विचारणार, खाडी सरकारची, तिचा लिलाव करणारे हे कोण? तुम्हाला नळ मिळेल, पण खाडी जाईल."

दामाजी खुर्चीत बसला. "मंग ऱ्हाऊ दे नल," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे?" भागीरथी उसळली. "हंडा काय तू वाहतोस?"

उत्तराबाई उठल्या. त्यांनी दार लोटलं आणि कपाटातून कोरा फॉर्म आणला.

"तुमच्याकडून फॉर्म भरताना चूक झाली. दुसरा भरा. सातव्या रकान्यात निरंक लिहा."

"म्हंजे?"

"म्हणजे काहीच मिळत नाही."

दामाजीने बाकीचे रकाने भराभर भरले आणि सातव्याशी हात थांबवला. पन्नास वर्षं बापजाद्यांनी सांभाळलेली गावकी, आणि तिच्याबद्दल काहीच नाही असं आपल्या हाताने लिहायचं, हे त्याच्या जिवावर आलं.

"लिव रे दादा," भागीरथी म्हणाली.

त्याने लिहिलं. जुना फॉर्म उत्तराबाईंनी स्वतः चार तुकडे करून टोपलीत टाकला. आता आकड्यामागे कागद होता. नियम मोडला नाही असं म्हणायला जागा होती, पण त्यांनी टोपली पायाने टेबलाखाली सरकवली.

प्रिंटर पुन्हा करकरला. वेलखाडी तळापासून चौथं आलं. भागीरथीला अक्षरं जेमतेम लागत, पण मोजता येत होतं. ती कागदावर बोट ठेवून खालून ओळी मोजत वर गेली.

"आमी आत आलो. मंग भाईर कोन ग्येलं?"

उत्तराबाईंना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. आतापर्यंत कोणीच तो विचारला नव्हता. "मोरखार. भिवंडीकडचं, खाडीवरचंच. मघाशी दहावं होतं, आता अकरावं."

दामाजीने मान खाली घातली. भागीरथी कागदाकडेच पाहत राहिली.

"ह्या वहिनीचीच पोर तिथं दिलीय," दामाजी म्हणाला. "गेल्या वैशाखान."

उत्तराबाईंनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजून गेले होते. "अजून बदलता येईल," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यासारखा फॉर्म पुन्हा भरून द्यावा लागेल. तुम्ही सांगा."

भागीरथीचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले, पण तोंड फिरवलं नाही.

"दादा, आपल्या गावान घरं किती?"

"दोनशे धा."

"मोरखारान माजं येक." मग तिने कागद उत्तराबाईंकडे सरकवला. "जाऊ दे, बाय. धाड मुंबईला."

उत्तराबाईंनी यादीची घडी केली, पाकिटात घातली आणि शिपायाला हाक मारली. दोघं नमस्कार करून निघाले. जिन्यात भागीरथी थांबली, तसा दामाजीही थांबला.

"शिमग्याला पोर माहेरी येल," ती म्हणाली. "तिच्यासमोर कुनी नलाचं नाव काडू नका."