डाव्या बरगडीवरचं कापड

मंगलाबाईंना नागीण निघाली ती होळीच्या आठवड्यात. डाव्या बरगडीवर, पाठीपासून छातीखालपर्यंत फोडांचा पट्टा. त्या राहायच्या त्या गोडादरा वस्तीतल्याच एका म्हाताऱ्याने गेरू लावून मंत्र टाकला, गल्लीतल्या डॉक्टरने मलम दिलं. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. सगळे म्हणाले, सुटलात. दुखणं मात्र राहिलं. नुसता पदर घासला तरी निखारा टेकवल्यासारखं व्हायचं.

त्या घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. आता एका जागी दहा मिनिटं बसवेना. उठायच्या, ओट्यापर्यंत जायच्या, परत यायच्या. ओला पंचा बरगडीवर धरायच्या, तोही टोचला की फेकून पुन्हा फेऱ्या.

"आई, जरा आडव्या व्हा ना," सून गायत्री म्हणायची.

"आडवं व्हता येस का मले?"

गल्लीतल्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने कार्डिओग्राम काढला. शेवटी मुलगा भूपेंद्र कारखान्यात खाडा करून त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तीन तासांनी नंबर लागला. तिथल्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि यात काहीच नाही, असं गुजरातीत सांगितलं.

"मासी, आमां तो कंई छे ज नहीं."

"साहेब, नागीण निघाली होती, त्याच जागी..." मंगलाबाई सांगू लागल्या.

"ए तो मटी गई ने? टेन्शन नहीं लेवानुं." ती बरी झाली ना, मग झालं, असा त्याचा सूर.

पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

घरी येताना रिक्षात भूपेंद्र म्हणाला, "आई, सगळा रिपोर्ट नॉर्मल शेतस. तू मनले लाई लेस."

त्या दिवसापासून त्यांनी घरात सांगणं सोडलं. फेऱ्या तेवढ्या वाढल्या.

दिवाळीनंतर कडोदऱ्याला गायत्रीच्या भावाचं लग्न होतं. दीड महिना आधी सासूच्या साड्या काढायला तिने कपाट उघडलं आणि थबकली. एकेका ब्लाउजची डावी बाजू काखेपासून खाली कापून टाकलेली. तिने हौसेने शिवून आणलेला मोतिया रंगाचासुद्धा.

"हे काय केलंत, आई? नवा होता हा!"

मंगलाबाई दारात उभ्या होत्या. "मंग काय करू? कपडा लागस तठे आग व्हस. सहा महिना पदर गुंडाळीसन फिरी ऱ्हायनू. तुमले दखायनं नही."

गायत्रीने सासूचा पदर हलकेच बाजूला केला. कातडीवर पुसट डाग होते, बाकी काही नाही. तिने बोट टेकवलं, अगदी अलगद, आणि मंगलाबाई कळवळून भिंतीला धडकल्या. गायत्रीने हात मागे घेतला. मग तिने तीन ब्लाउज पिशवीत भरले.

शेजारच्या कुसुमने एका कातडीच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं होतं. गायत्रीने त्यांच्या टेबलावर आधी ते ब्लाउजच ठेवले. डॉक्टरबाईंनी ते उलटून पाहिले, कापसाचा बोळा बरगडीवरून फिरवला. मंगलाबाईंनी टेबलाची कड घट्ट पकडली.

"फोड बरे झाले, पण आतली नस दुखावलेली राहिली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "होतं असं. याला औषध आहे."

"मग इतके दिवस कोणी सांगितलं का नाही?" गायत्रीने विचारलं.

डॉक्टरबाईंनी एका कॅप्सूलची चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

पहिल्या मेडिकलवाल्याकडे ती कॅप्सूल नव्हती. दुसऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली, हे औषध जास्त देता येत नाही म्हणत दहा दिवसांच्याच दिल्या आणि पुढच्या वेळी नवी चिठ्ठी आणायला सांगितलं. दर दहा दिवसांनी तीच धावपळ. औषधाने चक्कर यायची, पाय सुजायचे. तरी महिन्याभरात आग उतरू लागली. लग्नात त्या भूपेंद्रचा ढगळ सुती शर्ट घालून, वरून साडी नेसून गेल्या. बायका कुजबुजल्या. अक्षता पडेपर्यंत त्या बसल्या, मग मंडपामागे चालत राहिल्या.

पाचव्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, "किती आराम आहे?"

"अर्धा."

"छान. मग तेवढंच चालू ठेवू." त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली.

गायत्री उठली. मंगलाबाई स्टुलावरून हलल्या नाहीत.

"बाई, अर्धं अजून दुखतंय," त्या म्हणाल्या. "त्याचं काय करायचं ते सांगा. मग उठते."

दारातून पुढचा पेशंट डोकावला. डॉक्टरबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि चिठ्ठी परत आपल्याकडे ओढली.