तिसरा नट

जुनी डिझेल जीप धूर ओकत थरथरायला लागली. आदिलाबादच्या गॅरेजवाल्यानं बघितल्यासारखं केलं आणि फर्मावलं, “पंपाचं प्रेशर गेलं, पंपच बदला.” मला ते पटेना. तशीच रखडत जीप बेला गावच्या महिपत मिस्त्रीकडे नेली.

“आवाज ऐका नीट!” मी तीनदा ओरडलो. हा बाबा ढिम्म! डावा तळहात मडगार्डवर ठेवून त्यानं चालू इंजिनावरच पहिल्या इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल केला. इंजिन अडखळलं. नट परत कसला. दुसऱ्यालाही तसंच झालं. तिसऱ्याला डिझेल जोरात उडालं, पण इंजिनाची चाल तसूभर बदलली नाही.

“पंप चांगला हाये, पिरेशर बराबर येऊन राह्यलं. पण इंजिनाले काई फरक नाई, म्हंजे हा इंजेक्टर गेला कामातून.”

तेवढा एक बदलला आणि जीप शांत चालू लागली.

“काय कान आहेत हो तुमचे!” मी म्हणालो. तो हात पुसत राहिला.

चहा घेऊन आलेली त्याची बायको वच्छलाबाई हसली. “जोरानं बोला, भाऊ. कापसाच्या जिनिंगमदी बावीस वर्सं काढली त्यायनं, मशिनीच्या आवाजानं कान कवाचेच गेले.”

मी गुपचूप मडगार्डवर तळहात ठेवून पाहिला. मला नुसता तापलेला पत्रा लागला.